रॅम की अपिस्टो? आणि सोबतीला कोण?

कातळशिल्प
८ फेब्रुवारी, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळ राहतो, घर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. लहानपणी बरणीत गप्पी पाळले, मग गोल्डफिश झाले. पाच-सहा वर्षं काहीच नव्हतं. आता पोरगी सातवीत गेली आणि तिला कुठेतरी निळा रॅम नावाचा छोटा मासा दिसला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

टँक आणलाय. ३६ × १५ × १५ इंच, म्हणजे काठोकाठ भरला तर १३० लिटरच्या आसपास. पाणी घरच्या विहिरीचं. दुकानदाराला म्हटलं, लहान सिक्लिड (रॅमच्या कुळातले मासे) पाळायचेत, सोबत काय चालेल ते सांगा. त्याने बिलाच्या मागे अशी यादी लिहून दिली: निळे रॅम ४, 'अपिस्टो' (हाही लहान सिक्लिड) २, निऑन २०, कोरीडोरस (तळाशी फिरणारे मासे) ६, एंजलची जोडी, रेड टेल शार्क २ आणि "काच साफ करायला" सकर २. वर म्हणाला, "सगळे शांत आहेत, बिनधास्त सोडा."

यादी बघून मला आमच्या गणपतीतली गर्दी आठवली. जाणकारांनी सांगावं, यातले कोण ठेवायचे आणि कोण नाही? आणि रॅम घ्यावेत की अपिस्टो?

भाऊचा_धक्का
८ फेब्रुवारी, रात्री १०:०२

दुकानदाराने स्वतःला सोडून सगळे टाकलेत टँकमध्ये.

पुणेकर_तूर्तास
८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सकर आधी खोडा. दुकानात दोन इंचाचा असतो, पुढे वाढत वाढत फूटभर होतो आणि मग लोक तो नदीत नेऊन सोडतात. रेड टेल शार्कही खोडा. तो अख्खा तळ आपल्या बापाचा समजतो, आणि तुमच्या लहान सिक्लिडलाही तोच तळ हवा असतो. एंजल वाढले की निऑन गिळतात. झाली यादी अर्धी.

मी तीनदा रॅम आणले, तिन्ही वेळा मेले. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) सहाशेच्या वर. त्यामुळे रॅमबद्दल माझ्याकडून सल्ला घेऊ नका. शोकसभा असेल तर बोलवा.

तिठा
८ फेब्रुवारी, रात्री १०:३१

इकत घेतलेलो मासो आणि तो खावचो पण नाय? ह्या काय खरा नाय.

सुरंगी
९ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

कातळशिल्प, मी वेंगुर्ल्याची. आठेक वर्षं अपिस्टो पाळतेय, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकते.

यादीवर नंतर येऊ. मासा निवडायच्या आधी पाणी मोजा. पीएच, टीडीएस आणि केएच (पाण्यातला कार्बोनेट), तिन्ही. केएचचं थेंबाचं किट मिळतं. सड्यावरची विहीर म्हणजे खाली जांभा. जांभ्यात चुना जवळपास नसतोच, म्हणून असं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल निघतं. दक्षिण अमेरिकेतल्या या माशांना हेच लागतं. पुण्या-मुंबईचे लोक त्यासाठी फिल्टरचं पाणी विकत आणतात, आणि तुमच्याकडे ते रहाटाने वर येतंय!

रॅम ओरिनोकोच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ सपाट भागातला. तिथलं पाणी उथळ आणि उबदार, म्हणून त्याला २७ ते ३० अंश लागतं. कॉकाटू अपिस्टो पेरूकडचा, तो २४ ते २७ला खूश असतो. निऑन थंड ओढ्यांतला, त्याला २२ ते २५ बरं. म्हणजे दुकानदाराच्या यादीत रॅम आणि निऑन एका टँकमध्ये ठेवायचे तर एकाला घाम आणि दुसऱ्याला हुडहुडी. रॅमसोबत निऑनसारखेच दिसणारे कार्डिनल घ्या, ते उबदार पाण्यातलेच. पोट लाल असतं शेपटीपासून पार डोक्यापर्यंत. निऑनचं फक्त मागचं अर्धं.

भाऊचा_धक्का
९ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

बाळबोध प्रश्न. रॅम म्हणजे मेंढा की काँप्युटरमधली मेमरी?

मत्स्यगंधा२
९ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

दोन्ही नाही. रामिरेझ नावाच्या मासे गोळा करणाऱ्या माणसावरून रामिरेझी. १९४८ साली शास्त्रीय नाव मिळालं, पुढे व्यापाऱ्यांनी त्याचं रॅम केलं.

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. दुकानात जे अगदी भडक निळे, अंगठ्याएवढे रॅम असतात ना, त्यांतल्या बऱ्याच जणांना संप्रेरकं देऊन रंग आणलेला असतो. दोन महिन्यांत रंग उतरतो, काही वेळा मासाही जातो. थोडे फिके, धीटपणे समोर येणारे, दुकानात तुमच्यासमोर खाणारे मासे घ्या. मादीचं पोट गुलाबी असतं, अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळी टिकली चमकते. नराच्या पाठीवरच्या परातले सुरुवातीचे काटे लांब. पण संप्रेरकं दिलेल्या माशांत हे सगळं गडबडतं, दोन 'नर' घरी नेले आणि एकाने अंडी घातली असंही होतं. आणि रॅम चांगला सांभाळला तरी दोन-तीन वर्षांचाच सोबती. पोरीला हे आधी सांगून ठेवा.

खाडीकाठ
९ फेब्रुवारी, दुपारी १:१२

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

पेरू, ओरिनोको, सगळं छान. पण आपल्या देशातही मूळचे सिक्लिड आहेत, तीनच. एक कर्नाटकातला, दुसरा पर्लस्पॉट, ज्याला गोव्यात काळुंदर आणि केरळात करीमीन म्हणतात. केरळने २०१० साली तो राज्यमासा ठरवला. तिसरा ऑरेंज क्रोमाइड, जेमतेम तीन इंचाचा, हळदीसारखा पिवळा, अंगभर लालसर ठिपके. हाही लहान सिक्लिडच की. याची पिल्लं काळुंदराच्या अंगावरची घाण टिपून खातात, आणि मोठे झाल्यावर त्याच काळुंदराची अंडीही खातात. एवढा रंगेल मासा आपल्याकडचा असताना विमानाने आलेले कशाला हवेत?

शिवाय हौस फिटली की लोक मासे विहिरीत, नाल्यात सोडतात. चिलापी (तिलापिया) हा परदेशी मासा १९५२ साली देशात आणला. आज आमच्या खाडीत जाळं टाकलं की आधी चिलापी.

तिठा
९ फेब्रुवारी, दुपारी १:२०

काळुंदर म्हटल्यार माका टँक दिसणा नाय, तवो दिसता.

सुरंगी
९ फेब्रुवारी, दुपारी ३:००

खाडीकाठ, राग कसला. ऑरेंज क्रोमाइड मलाही फार आवडतो, आणि सोडण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण तो निमखाऱ्या पाण्यातला मासा. थोडं कठीण, किंचित खारट पाणी मिळालं की खुलतो. जांभ्याच्या मऊ, आम्ल पाण्यात त्याला त्वचेचे रोग धरतात. तुमच्या खाडीकाठच्या विहिरीत तो मजेत राहील, कातळशिल्पांच्या सड्यावर नाही. मासा देशी म्हणून आपल्या पाण्याला चालेल असं थोडंच आहे?

खाडीकाठ
९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४५

हे मान्य. माझी विहीर खाडीला लागून, मे महिन्यात चहासुद्धा खारट लागतो. म्हणून माझे जगले असतील. मला वाटायचं हाताला गुण आहे.

पुणेकर_तूर्तास
९ फेब्रुवारी, रात्री ८:१०

कठीण पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. रॅमच्या शोकसभांनंतर मी टांगानिका तलावातले मल्टी आणले. जगातल्या सगळ्यात छोट्या सिक्लिडपैकी, दीड-दोन इंचाचे, गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतात. पीएच ८च्या वर लागतो, म्हणजे आमचं बोअर त्यांना स्वर्ग. शंख विकत घ्यायला गेलो तर किंमत ऐकून चक्कर आली. मग गुहागरला गेलो तेव्हा किनाऱ्यावरून पिशवीभर गोळा केले, फुकट. रात्री लॉजवर खडखड आवाज. लाईट लावून बघतो तर दोन शंख खोलीभर चालतायत. आत खेकडे होते! बायको तेव्हापासून किनाऱ्यावर माझी पिशवी तपासते.

(खेकडे रात्रीच परत नेऊन सोडले. उरलेले शंख उकळून घेतले.)

वाळवण
९ फेब्रुवारी, रात्री ८:४४

हसून हसून पुरेवाट.

कातळशिल्प
११ फेब्रुवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. पाणी मोजलं. पीएच ६.३, टीडीएस ४८, केएच १. किटमधला पहिलाच थेंब टाकला आणि रंग बदलला, मला वाटलं किट बिघडलंय. पुन्हा केलं, तेच. हे फार चांगलं की फार वाईट?

अजून दोन प्रश्न. किनाऱ्याची वाळू चालेल का? आणि पोरगी म्हणते टँकमध्ये चिऱ्याचे तुकडे लावूया, कोकणातलं घर वाटेल.

मत्स्यगंधा२
११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

माशांसाठी फार चांगलं, नवशिक्यासाठी थोडं घातक. सविस्तर लिहिते.

टँकमधला अमोनिया जे जिवाणू खातात ते पाण्यातला कार्बोनेटही खर्च करतात. केएच म्हणजे त्याचा साठा. तुमच्याकडे साठा जवळपास शून्य, त्यामुळे पाणी बदललं नाही तर पीएच हळूहळू घसरत ५च्या घरात जाईल. तिथे जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साठू लागतो. आम्ल पाण्यात तो निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे ठीक दिसतात. मग एक दिवस कोणीतरी घाबरून अर्धा टँक नळाच्या ७.५ पीएचच्या पाण्याने भरतं, साठलेला सगळा अमोनिया विषारी रूपात येतो आणि सकाळी सगळे तरंगत. लोक म्हणतात पाणी बदललं म्हणून मेले. खरं तर महिनाभर बदललं नव्हतं म्हणून.

उपाय सोपा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, त्याच विहिरीचं. आणि तिसऱ्या (शिंपल्यांची मासळी) खाल्ल्या की शिंपल्या फेकू नका. चार-पाच शिंपल्या उकळून, फोडून जाळीच्या पुरचुंडीत फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्ल झालं तरच त्या विरघळतात, फार नाही. मूठभर मात्र नको.

त्याच कारणाने किनाऱ्याची वाळू नको, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. वाळूवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसली तर ती टँकमध्ये नको. बारीक नदीची वाळू धुऊन घ्या. अपिस्टो आणि रॅम वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून चाळतात, टोकदार खडी त्यांना जखमी करते.

चिरा घालायला हरकत नाही, पण तो झिजतो, तांबडी धूळ बसत राहते. काळा दगड घ्या.

सुरंगी
१२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

मत्स्यगंधाने मुद्देसूद लिहिलंय, मी घरातल्या वस्तू सांगते.

गुहेसाठी नारळाची करवंटी. काथ्या खरवडून काढायचा, दोन-तीनदा उकळायची, कडेला तीन सेंटीमीटरचं दार पाडायचं आणि पालथी ठेवायची. अपिस्टोची मादी छताला आतून अंडी चिकटवते आणि स्वतः दारात बसते. दार असं हवं की ती आत जाईल पण नर अडकेल. नर तिच्या दीडपट.

देशी बदामाचं लाल होऊन गळलेलं पान, उन्हात कडकडीत वाळवलेलं, चाळीस-पन्नास लिटरला एक. पाणी फिक्या चहासारखं होतं. आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगो, ह्या पाण्याक गंज चढलो, बदल आधी." आता त्याच अंगणातून पानं वेचून आणून देतात.

आता माणसांची निवड, म्हणजे माशांची. तुमचा तळ ३६ बाय १५. मी असं बघते की तळाशी एकच घराणं ठेवायचं, बाकी सगळे मधल्या आणि वरच्या थरातले. कॉकाटूचा एक नर आणि दोन माद्या, तीन कोपऱ्यांत तीन करवंट्या. मध्ये दगड-झुडपांचे आडोसे करा. एकीला दुसरी दिसली नाही की भांडण निम्मं कमी. दोन वेगळ्या जातींचे अपिस्टो एकत्र नकोत. माद्या सारख्याच दिसतात आणि संकर होतो.

वर कार्डिनल दहा-बारा, किंवा रमीनोज. पेन्सिलफिश मिळाले तर सोन्याहून पिवळं. शेवाळासाठी ओटो चार, पण टँक तीन-चार महिने मुरल्यावरच. नव्या टँकमध्ये ते उपाशी मरतात. कोरीडोरस नकोत.

मत्स्यगंधा२
१२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

ताई, कोरीडोरसवर असहमत. रॅमची एकच जोडी असेल तर तीन फुटांत सहा स्टर्बाय कोरी व्यवस्थित राहतात. २८ अंश सहज झेलतात, रॅमबरोबर त्यांचं तापमान जुळतं.

सुरंगी
१२ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

राहतात, अंडी घालेपर्यंत. नंतर कोरीला कळतच नाही की समोरचा धमकी देतोय. दुसरे मासे पर फुलवले की मागे सरतात, हा आपला वाळू हुंगत थेट घरात शिरतो. दिवसा अपिस्टो त्याचे डोळे टोचतो, रात्री कोरी अंडी खातो. मी दोन आंधळ्या कोरी सांभाळल्यात, म्हणून बोलते.

मत्स्यगंधा२
१२ फेब्रुवारी, सकाळी ८:४१

आमच्याकडच्या टँकमध्ये वर्षभर ठीक चाललंय. पण अंडी रॅम स्वतःच खातात, हेही खरं :)

भाऊचा_धक्का
१२ फेब्रुवारी, सकाळी ९:००

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मीठभाकर
१२ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

रॅमच्या टँकमध्ये मूठभर खडेमीठ टाका, रोगच होत नाहीत. मी गप्पींना कायम टाकतो.

सुरंगी
१२ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

गप्पींना चालतं, त्यांना कठीण पाणी आवडतं. रॅमला आणि अपिस्टोला कायमचं मीठ नको, कृपा करून. म्हणूनच गप्पीही या टँकचे सोबती नव्हेत. पिल्लं खायला मिळतात म्हणून अपिस्टो खूश होईल, पण गप्पी या पाण्यात झुरतात.

श्रीवर्धनी
१३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

किती मासे ठेवायचे यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. लांबेल.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरवर आलं तेव्हा माझ्याकडे चार फुटी टँक होता. सहा रॅम, तीन अपिस्टो, तीसेक टेट्रा (निऑन-कार्डिनलच्या जातकुळीतले), शिवाय कोरी. भरगच्च आणि देखणा. पोफळीची बाग आडवी झाली, घरावरची कौलं गेली, लाईट गेली ती आमच्या वाडीत जवळजवळ महिनाभर. पहिल्या दिवशी टँककडे बघायलाही वेळ नव्हता, घरात पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर टेट्रा वर येऊन तोंडं उघडतायत.

तांब्याने पाणी वरून ओतत बसायचो, मी आणि सासरे, पाळीपाळीने. किती वेळ ओतणार? बंद फिल्टरमधले जिवाणू काही तासांत मरायला लागतात, नंतर तो तसाच चालू केला तर सगळी घाण टँकमध्ये येते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. चार दिवसांत सगळे रॅम गेले. उरलेले उचलून पडवीतल्या दगडी डोणीत पावसाच्या पाण्यात सोडले. त्यात टेट्रा सातच वाचले, आणि अपिस्टोची एक मादी. ती मादी पुढे दीड वर्ष जगली.

तेव्हापासून माझा नियम असा की लाईट गेली तर हे मासे किती तास तग धरतील ते आधी बघायचं आणि मग आकडा ठरवायचा. तीन फुटांत तीन अपिस्टो आणि दहा-बारा टेट्रा, बस. रिकामा वाटला तर वाटू दे. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच.

वाळवण
१४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

श्रीवर्धनी, वाचताना पोटात कालवलं. आमच्या मुरुडलाही तीच गत होती.

पुणेकर_तूर्तास
१४ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

तापमानाचा मुद्दा राहिला. मे महिन्यात टँक ३१-३२ला गेला तर? मी टँकवर छोटा पंखा लावतो, तीन-चार अंश उतरतं.

मत्स्यगंधा२
१४ फेब्रुवारी, दुपारी २:१५

पुण्याच्या कोरड्या हवेत उतरतं. पंख्याने पाण्याची वाफ होते, त्याने गारवा. आमच्याकडे मे महिन्यात हवेतच इतकी वाफ असते की पाणी वाफ व्हायला तयार नाही. एक-दीड अंश मिळाला तर नशीब. म्हणून किनारपट्टीवर उन्हाळ्यात रॅमला फायदा, तो ३० अंश हसत झेलतो. कॉकाटूही काही आठवडे काढतो, पण पाण्यात हवा भरपूर खेळती हवी. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. याउलट जानेवारीत पहाटे पाणी २३वर येतं, तेव्हा रॅमला हीटर लागेल, अपिस्टोला बहुधा नाही.

गंमत म्हणजे अपिस्टोच्या अंड्या-पिल्लांच्या दिवसांत पाणी उबदार असेल तर नर जास्त निपजतात, थंड असेल तर माद्या. एप्रिल-मेतली पिल्लं बहुतेक दादाच निघतील.

तिठा
१४ फेब्रुवारी, दुपारी २:३०

म्हणजे आमच्या वाडयेसारख्याच. मे म्हयन्यात सगळे मुंबैचे दादाच गावाक.

कातळशिल्प
१६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

ठरलं. पोरगी दोन दिवस फुगून होती, कारण निळा रॅम हवा होता. शेवटी कॉकाटूच्या नराचे पेटलेले पर दाखवले, तेव्हा कळी खुलली. एक नर, दोन माद्या, बारा कार्डिनल. बाकी काही नाही. रॅम का नाही, तर आमच्याकडे लाईट जाते, आणि संप्रेरकं दिलेला रॅम ओळखायची माझी नजर नाही.

टँक आधी महिनाभर रिकामा चालवतोय. विहीर मेअखेर तळाला जाते, मग टँकरचं पाणी. त्यासाठी काही युक्ती?

खाडीकाठ
१६ फेब्रुवारी, रात्री १०:००

एप्रिलमध्येच दोन पिंपं भरून सावलीत, जाळी लावून ठेवा. टँकरचं पाणी कुठल्या बोअरचं असेल सांगता येत नाही. जाळी नाही लावली तर डास अंडी घालतील, पण त्या अळ्या माशांना पक्वान्न आहेत. आम्ही चाळणीने गाळून देतो. ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) मात्र गटारातले असतात, देऊ नका.

वाळवण
१६ फेब्रुवारी, रात्री १०:२२

सुका जवळा कुटून दिला तर?

सुरंगी
१६ फेब्रुवारी, रात्री १०:३०

खारवलेला नसेल तर पाण्यात भिजवून, चिमूटभर, कधीतरी. रोज नको, पाणी नासतं. आणि वासाने मांजर टँकवर चढतं, अनुभवाचे बोल.

कातळशिल्प
२९ मार्च, रात्री ८:५०

मासे आले! चुलतभावाने कुर्ल्याहून घेतले आणि मांडवी एक्सप्रेसने आणले, थर्माकोलच्या खोक्यात, मांडीवर. टीसीने विचारलं आत काय, हा म्हणाला मासे. टीसी म्हणाला, "रत्नागिरीला मासे घेऊन चाललाय?"

बारापैकी अकरा कार्डिनल पोचले. थेंबथेंब पाणी सोडत दीड तास घालवला. नर लगेच मधल्या करवंटीवर उभा राहिला, सरपंचासारखा.

तिठा
२९ मार्च, रात्री ९:१०

टीसीचा बरोबर आसा.

कातळशिल्प
१७ जून, रात्री १०:०५

मंडळी, धागा वर काढतोय. मदत हवी.

एप्रिलमध्ये एक मादी दुसरीला फारच मारत होती, तेव्हा सुरंगीताईंचं वाचून आणखी एक मोठा दगड आणि झुडपं मध्ये घातली. निवळलं. मे महिन्यात पाणी ३१ला गेलं, पंप रात्रंदिवस ठेवला, एक कार्डिनल गेला. गेल्या आठवड्यात मोठी मादी दिसेनाशी झाली. दोन दिवस गायब. आम्हाला वाटलं गेली. पोरीने करवंटी उचलायला हात घातला तर आतून पिवळीधमक मादी, काळी रेघ ओढलेली, थेट बोटावर धावून आली. पोरगी किंचाळली, नर पळून फिल्टरमागे.

आज सकाळी करवंटीबाहेर पिल्लांचा ढग आहे. पन्नासेक असतील, वाळूवर टेकत टेकत पोहतायत. मादी शेपटीने इशारा करते आणि सगळी खाली बसतात. जेवताना टीव्ही बंद, सगळे टँकसमोर, आईसुद्धा.

प्रश्न: (१) नराला बाहेर काढू का? (२) कार्डिनल पिल्लं खातील का? (३) पिल्लांना खायला आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातले अगदी बारीक झिंगे) अंडी मागवली आहेत. ती उबवायला समुद्राचं पाणी थेट चालेल का? भाट्याच्या किनाऱ्यावरून आणू शकतो.

सुरंगी
१७ जून, रात्री १०:२५

अभिनंदन! नराला राहू दे. तीन फुटांत तो लांब राहू शकतो, आणि ती त्याला बरोबर लांब ठेवेल. फार मारायला लागली तर मात्र काढा. कार्डिनल काही पिल्लं खाणारच. रात्री एक मंद दिवा ठेवा, म्हणजे मादीला पहारा करता येतो. दहा-पंधरा जगली तरी पहिल्या खेपेला खूप झालं.

मत्स्यगंधा२
१७ जून, रात्री १०:३२

समुद्राचं पाणी एरवी उत्तम चालतं. पण आता पाऊस लागलाय, भाट्याला काजळी नदीचं गढूळ पाणी मिसळतं आणि खारटपणा कमी होतो. जाडं मीठ घ्या, आयोडीन नसलेलं, लिटरला २५ ते ३० ग्रॅम. बाटलीत खालून हवा सोडा, वर दिवा. चोवीस तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतील. बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन मगच द्या. दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं.

श्रीवर्धनी
१७ जून, रात्री १०:५०

बॅटरीचा पंप घेतलात ना? उद्यासाठी जोरदार पावसाचा इशारा आहे.

कातळशिल्प
१७ जून, रात्री १०:५८

घेतलाय. आत्ताच लाईट गेली, पंप लावून मोबाईलच्या उजेडात लिहितोय. पोरगी टॉर्च घेऊन पिल्लं मोजतेय. त्रेचाळीसवर पोचली आणि ती सगळी हलली. आता पुन्हा एकपासून.